पाळीव प्राण्यांकडून आपल्याला, आपल्याकडून त्यांना : संसर्गाचे अनुभव

घरात प्राणी आहे म्हटल्यावर "यांच्यापासून काही होत नाही ना?" हा प्रश्न येतोच, आणि आपण "आमचं बाळ अगदी स्वच्छ आहे" असे म्हणून वेळ मारून नेतो. प्रत्यक्ष काय घडले, आजार कसा ओळखला गेला आणि डॉक्टरांना घरातल्या प्राण्याविषयी कधी सांगितले, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. ते येथे लिहावे. सुरुवात मीच करते.

दीड महिन्याचे मांजराचे पिल्लू घरी आणल्यानंतर पंधराएक दिवसांनी, ते माझ्या दंडावर जिथे डोके टेकवून झोपत असे नेमक्या त्याच जागी, नाण्याएवढा लालसर चट्टा उठला. कडा उंचावलेली आणि खवलेदार, मधली त्वचा जवळजवळ नेहमीसारखी. औषधांच्या डब्यातले खाजेचे मलम लावल्यावर दोन दिवस बरे वाटले आणि मग चट्टा दुप्पट झाला. त्वचारोगतज्ज्ञांनी मलमाची नळी उलटसुलट करून पाहिली, तीत स्टेरॉइड असल्याचे दाखवले, आणि पुढचाच प्रश्न विचारला, "मांजर आहे का घरात?" ते गजकर्ण, म्हणजे त्वचेवरच्या बुरशीचा संसर्ग, होते आणि स्टेरॉइडने ते उलट पसरते. पशुवैद्यांनी खोलीत अंधार करून पिल्लाला जांभळ्या दिव्याखाली धरले, तेव्हा कानामागच्या तुटक्या केसांच्या मुळाशी पोपटी चमक दिसली. ही चमक प्रत्येक वेळी दिसत नाही, म्हणून त्यांनी केस बुरशीच्या तपासणीलाही पाठवले. माझा चट्टा महिन्याभरात गेला. पिल्लाचे औषध आणि आठवड्यातून दोनदा औषधी अंघोळ मात्र दोन महिने चालली. खरी कसोटी सोफ्याची होती, कारण गळलेल्या केसांवरचे बुरशीचे बीजाणू वर्षभराहूनही अधिक काळ तग धरू शकतात. रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवताना, अंघोळीपेक्षा हेच अधिक कंटाळवाणे आहे, असे पिल्लाला ऐकवत असे.

०००

माझा अनुभव आजार न होण्याचा आहे. गरोदरपण कळले त्याच आठवड्यात मांजर कोणाला तरी देऊन टाकण्याची चर्चा घरात सुरू झाली. मांजरांमार्फत पसरू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या रक्ततपासणीत प्रतिपिंडे आढळली नाहीत, तेव्हा सगळ्यांना हायसे वाटले. डॉक्टरांनी मात्र त्याचा अर्थ उलट असल्याचे समजावले, की पूर्वी संसर्ग झालेला नाही म्हणजे संरक्षणही नाही आणि आता जपायला हवे. मांजराच्या विष्ठेतून पडलेली या परजीवीची अंडी लगेच संसर्गक्षम नसतात, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे विष्ठेचा ट्रे रोज साफ करायचा, तो यजमानांनी करायचा, मांजराला कच्चे मांस द्यायचे नाही आणि कुंड्यांची माती हातमोज्यांशिवाय हाताळायची नाही, एवढे नियम ठरले. अर्धवट शिजलेल्या मांसातूनही हा संसर्ग होतो, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. सगळा रोख बिचाऱ्या मांजरावर होता. मुलगी झाली, मांजर घरातच आहे.

०००

वडिलांना ताप, असह्य डोकेदुखी आणि कोरडा खोकला. न्यूमोनियाचे निदान झाले, परंतु पेनिसिलीनच्या कुळातल्या औषधाने आठवडाभरात काहीच उतार पडला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी पक्ष्यांची चौकशी केली, तेव्हा महिन्यापूर्वी आणलेल्या कॉकटीलचा, म्हणजे तुरा असलेल्या छोट्या पोपटाचा, विषय निघाला. तपासणीत सिटॅकोसिस, म्हणजे पक्ष्यांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार, निघाला आणि डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. १९२९-३० मध्ये विक्रीसाठी पाठवलेल्या पोपटांमार्फत हा आजार अनेक देशांत पसरला होता, हे नंतर वाचले. वडील रोज सकाळी पिंजऱ्यातली वाळलेली विष्ठा कुंचल्याने झाडत आणि ती धूळ थेट श्वासात जाई. आता आधी पाणी फवारून कागद ओला केला जातो आणि मग उचलला जातो. पहिल्या डॉक्टरांना दोष द्यावासा वाटत नाही. पक्ष्याविषयी आम्हीही बोललो नव्हतो.

०००

अगदी थोडक्यात : बोक्याने मनगटाला घेतलेला चावा सुईच्या टोकाएवढा होता, म्हणून दुर्लक्ष केले. बारा तासांत हात कोपरापर्यंत सुजला. मांजराचे दात बारीक आणि अणकुचीदार असल्याने जखम वरून मिटते आणि जंतू आत खोलवर राहतात, असे डॉक्टर म्हणाले.

०००

वरील अनुभवाला जोडून : चावा कितीही लहान असो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीविषयी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. मी घड्याळ लावून धुतली होती. पंधरा मिनिटे फार लांबतात.

०००

माझ्या बाबतीत दिशा उलटी आहे. कुत्रीच्या शस्त्रक्रियेची जखम तीन आठवडे भरेना. पशुवैद्यांनी स्रावाची तपासणी करून घेतली आणि अहवाल हातात धरून मला विचारले, "घरात कोणाला वारंवार गळवे होतात का?" मला होत होती, वर्षभर. तिच्या जखमेत नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू सापडला होता, आणि माझ्या नाकातल्या नमुन्यातही तोच निघाला. पट्टी रोज मीच बदलत होतो, उघड्या हातांनी. दोघांवर एकाच वेळी उपचार झाले आणि त्या काळात पट्टीचे काम माझ्या बहिणीने हातमोजे घालून केले. कुत्री मात्र मी का लांब बसलो आहे हे न समजून, दाराच्या फटीतून नाक आत घालून बसत असे.