हॉथॉर्नच्या बल्बची गोष्ट खरी आहे का?

चाकणचा_सुपरवायझर:
मंडळी, मी चाकणला एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर सुपरवायझर आहे. परवा कंपनीनं आम्हाला दिवसभर 'औद्योगिक मानसशास्त्र' शिकायला बसवलं. जेवणानंतर, डोळे मिटत असताना, ट्रेनरनं एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात उजेड वाढवला तर काम वाढलं, उजेड कमी केला तरी वाढलं. म्हणून माणसाकडे लक्ष द्या, पाठ थोपटा. लगेच दुसऱ्या दिवशी आमच्या भिंतीवर 'महिन्याचा मानकरी' म्हणून एकाचा फोटो लागला. आता पोरं फोटो बघून हसतात आणि तो बिचारा मान खाली घालून जातो. हे शास्त्र एवढंच आहे का? आपल्याकडे कुणी काही करून पाहिलंय?

सायली_एमए:
एवढंच नाही हो. सुरुवात तर पाठ थोपटण्यातून नाही, माणसं निवडण्यातून झाली. हार्वर्डच्या ह्यूगो म्युन्स्टरबर्गनं ट्राम चालवायला कोण योग्य हे ठरवायला चाचणी तयार केली. या विषयावरचं त्याचं पुस्तक इंग्रजीत 1913 साली आलं. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं सुमारे 17 लाख सैनिकांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या आणि हा धंदा जोरात चालू लागला. आपला धागाही तिथेच जुळतो: कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्र विभाग उभा करणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला म्युन्स्टरबर्गकडेच शिकले होते. नोकरीच्या आधी तुम्ही जी अॅप्टिट्यूड टेस्ट दिली असेल, ती याच घराण्यातली.

जुना_साचेवाला:
बल्बचा प्रयोग 1924 ते 27 मधला. पण ट्रेनर मंडळी पुढचं सांगत नाहीत. 1927 पासून पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून टेलिफोनचे रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) जोडायला दिले, मधल्या सुट्ट्या वाढवल्या, काम वाढलं. बरोबर. पण त्याच वेळी मोबदल्याची पद्धतही बदलली होती. आधी शंभरेक जणींच्या हिशोबात यांची कमाई बुडायची, आता फक्त त्यांच्या लहान गटाच्या कामावर ठरायची. शिवाय फार बोलतात म्हणून दोघींना 1928 च्या जानेवारीत बाहेर काढून दुसऱ्या दोघी आणल्या. आता सांगा, काम कशानं वाढलं? लक्ष दिल्यानं?

मला तर त्याच कारखान्यातली पुरुषांची खोली जास्त पटते. 1931-32 साली चौदा जण तारा जोडण्याच्या कामावर होते, एक निरीक्षक कोपऱ्यात बसून टिपत होता. म्हणजे लक्ष होतंच की. तरीही दिवसाला किती काम करायचं हे त्यांनीच आपसात ठरवलेलं. कुणी जास्त हात चालवला की शेजारचा दंडावर ठोसा हाणायचा. आकडा वाढला तर साहेब दर कापेल, नाहीतर माणसं कमी करेल, ही भीती. मंदीचे दिवस होते, भीती खोटीही नव्हती. मी लोअर परळला गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणाईवर, वीस वर्षं काढली, तिथे ठोसा नव्हता; चहाला न बोलावणं पुरायचं.

आपल्याकडचं विचारलंत तर अहमदाबादला जा. तिथल्या कॅलिको मिलनं 1952 मध्ये ऑटोमॅटिक साचे, म्हणजे कापड विणायचे माग, आणले. साचे नवे, पण उत्पादन काही वाढेना आणि कापडात खराबी. माणसं गटात कशी काम करतात याचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस 1953 मध्ये तिथे आले. 224 साच्यांवर 29 माणसं, आणि कामाचे बारा प्रकार! विणकर वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, तेलवाला वेगळा, झाडूवाला वेगळा. एकाकडे 24 साचे, दुसऱ्याकडे 40, तिसऱ्याकडे सगळे. साचा बंद पडला की कुणाला हाक मारायची? माझा म्हणावा असा साचाच कुणाचा नाही. राइसनी सुचवलं की लहान गट करून ठरावीक साचे त्यांच्याच ताब्यात द्या. कामगारांनी ती कल्पना उचलली आणि गट स्वतःच पाडले: सात माणसं, 64 साचे. काम वाढलं, खराबी कमी झाली. 1970 मध्ये त्याच संस्थेचे एरिक मिलर पुन्हा पाहायला गेले, तेव्हा एका खात्यात ही पद्धत बऱ्यापैकी टिकलेली होती, बाकी ठिकाणी विरली होती.

मुंबईत 1928 चा गिरणी संप झाला त्यातलं एक कारण माणशी साचे वाढवण्याचं होतं. माणूस आणि साच्याचा हिशोब कुणी मांडायचा, भांडण त्यावरच. म्हणून म्हणतो, त्या फोटोवाल्या पोराला विचारा: लाइनवर पार्ट खराब निघाला तर तो कुणाचा?

चाकणचा_सुपरवायझर:
काका, आज विचारलं. म्हणाला, "क्वालिटीवाल्यांचा." क्वालिटीवाल्यानं मेंटेनन्सकडे बोट दाखवलं, मेंटेनन्सवाल्यानं माझ्याकडे. आमच्याकडे कामाचे बारा नाहीत, नऊ प्रकार निघाले. मोजून बघितले.

जुना_साचेवाला:
मग गट पाडायची गोष्ट साहेबाला सांगायच्या आधी पोरांना सांगा. आणि दर कापणार नाही हे आधी लेखी घ्या.

सायली_एमए:
आणि तो फोटो उतरवा हो.