काळ्या म्हशीला पांढरी पारडी झालीय, आनुवंशिकतेचं गणित कुणी समजावेल का?

मंडळी नमस्कार. करवीर तालुक्यात आमचा गोठा आहे. सगळ्या पंढरपुरी म्हशी, दूध कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर जातं, गिऱ्हाइकासमोर धार काढून. गेल्या आठवड्यात एक म्हैस व्याली. पारडी झाली, पण अंगावर एक काळा केस नाही. कातडी गुलाबट, खूर फिकट, पापण्यासुद्धा पांढऱ्या. उन्हात आणली की डोळे गच्च मिटते आणि आईच्या पोटाखाली तोंड खुपसून उभी राहते. बाकी ठणठणीत आहे, चीक भरपूर प्याली.

म्हैस काळी, रेडा काळा. कपाळावर चांद असलेली रेडकं आमच्यात झालीत, असलं कधी नाही. शेजारच्या काकांचं म्हणणं, डॉक्टरनं जर्सी गाईच्या वळूची कांडी भरली (म्हणजे कृत्रिम रेतन केलं). अहो, कांडी भरलीच नव्हती, घरचा रेडा दाखवलाय, हे सांगून तोंड दुखलं. आजीच्या मते ग्रहण लागलं. व्यापारी म्हणतो पांढरं जनावर दुधाला बाद, आत्ताच देऊन टाका (त्याला कशाला पाहिजे मग?).

एक सांगायचं राहिलं. ही म्हैस त्याच रेड्याची लेक. त्याच्या आणखी लेकी दावणीला आहेत, त्यातल्या काही आता माजावर येतील.

दहावीला मेंडेलचे वाटाणे मार्कांपुरते पाठ केले होते. दोघं काळी असताना पांढरं आलं कुठनं? परत याच रेड्याला दाखवली तर परत असंच का? आणि पारडी ठेवावी का?

प्रतिसाद १

आधी जर्सीचा विषय संपवा. गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रं, आपल्याकडच्या म्हशीत ५०. गाय-म्हैस संकराचं वासरू जन्मत नाही, काकांना निवांत सांगा.

वर्णनावरून हा वर्णकहीनपणा (अल्बिनिझम, अंगात रंगच न बनणं) वाटतो. काळा रंग मेलॅनिनमुळे येतो आणि ते बनवायला टायरोसिनेज नावाचं विकर लागतं. त्याच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते, म्हणून जनावर काळंच दिसतं. अशाला वाहक म्हणायचं. दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच रेडकात आल्या की रंग बंद. तुमचा रेडा वाहक असणार, त्याच्याकडून ती प्रत लेकीत उतरली असणार, आणि लेक पुन्हा बापालाच दाखवली. दोन्हीकडून एकच बिघाड येऊन भेटला.

मेंडेलनं १८६६ साली छापलं ते हेच. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरात पहिल्या पिढीत सगळे गोल. पुढच्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. सुरकुती गेली नव्हती, दडली होती.

याच जोडीला दर वेताला पांढऱ्याची शक्यता चारात एक. म्हणजे एक झालं, आता तीन काळी होणार, असा हिशेब नाही. प्रत्येक वेताला फासे नव्यानं पडतात. बाकी लेकी वाहक असण्याची शक्यता निम्मी धरा. त्या याच रेड्याला दाखवल्या तर निम्म्याचा चौथा हिस्सा, आठात एक. दाखवूच नका. रंग दिसतो म्हणून कळलं. न दिसणारे दोषही असेच दोन्हीकडून येतात.

एक तपासा: डोळे कसे आहेत? आग्नेय आशियातल्या दलदली म्हशींत पांढरा रंग प्रभावी असतो, म्हणजे एका प्रतीनंही दिसतो, पण त्यांचे डोळे काळे. ती गोष्ट वेगळी.

धागाकर्ता

डोळे निळसर-राखाडी. बॅटरी मारली की लालसर चमकतात.

प्रतिसाद १

मग वर्णकहीनच. पशुवैद्यकांना एकदा दाखवा. पारडी खुशाल ठेवा. दूध कितीतरी जनुकांवर आणि तुमच्या वैरणीवर ठरतं, या जनुकाचा त्याच्याशी संबंध नाही. फक्त भर उन्हात बांधू नका, कातडी भाजते आणि नजरही अधू असते. मोठी झाली की नात्याबाहेरच्या, हा दोष नसलेल्या रेड्याकडून गाभण राहिली तर सगळी रेडकं काळी होतील, पण सगळी वाहक. ते वहीत लिहून ठेवा.

प्रतिसाद २

विषयाला सोडून विचारतो. आमच्यात मामाच्या पोरीशी लग्न लावतात, तिथंही हेच का?

प्रतिसाद १

तत्त्व तेच, प्रमाण कमी. बाप-लेकीत निम्मी जनुकं सामाईक, मामा-भाचीत सरासरी पाव, मामे-आतेभावंडांत अष्टमांश. घराण्यात एखादा आनुवंशिक आजार असेल तर लग्नाआधी जनुकीय सल्ला घ्यावा.

धागाकर्ता

लय आभार. कांडी भरायला डॉक्टरांना सांगितलंय, दुसऱ्या रक्ताची. रेड्याचं काय करू? जीव आहे त्याच्यावर.

प्रतिसाद १

कुणाच्याच म्हशीला दाखवू नका, निम्म्या पिलांत ती प्रत जाईल. पाडव्याच्या मिरवणुकीला शिंगं रंगवून फिरवा की.