शोधनिबंध वाचतात, सादर करतात की मांडतात? (एक लेखी चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं गाव किंवा भाग)

जुने नाशिक

नमस्कार. मी टीवायबीएला आहे, विषय मराठी. पुढच्या महिन्यात पुण्याला एका परिषदेत माझा पहिला शोधनिबंध आहे. नाशिकच्या तांबट कारागिरांच्या बोलण्यातले शब्द हा माझा विषय. पावसाळाभर तांबट लेनच्या आसपास जाऊन बसत होते. मठारणे (भांडं हातोडीने ठोकणं), डाख (सांधा जोडणारा धातू), कल्हई हे शब्द तर बऱ्याच घरांत माहीत असतात, पण हातोडीचा घाव कसा बसला हे सांगणारे काही शब्द म्हाताऱ्या कारागिरांच्याच तोंडून ऐकले. वही भरली. आता अडलंय ते माझ्या स्वतःच्या शब्दांपाशी.

घरी सांगितलं, "मी पेपर वाचायला पुण्याला चाललेय." आजी म्हणाली, "पेपर तर रोज दारात पडतो, त्याला पुणं कशाला?" मग म्हटलं, पेपर द्यायला चाललेय. त्यावर ती म्हणाली, "परीक्षा झाली ना तुझी?" तिचं दोन्ही वेळा बरोबर होतं. मराठीत पेपर वाचला म्हणजे वर्तमानपत्र, पेपर दिला म्हणजे परीक्षा. जे मी करणार आहे त्याला तिच्याशी बोलताना शब्दच सापडेना.

नोंदणीच्या अर्जावर 'शोधनिबंध वाचक' छापलंय. सूचनापत्रात 'सादरीकरण' आहे. आमच्या मॅडम म्हणतात, "नीट मांड." तिन्हींत फरक आहे का? शिवाय 'निबंध' म्हटलं की मला सातवीतला 'माझा आवडता ऋतू' आठवतो. तीन वर्षं शिकून शेवटी निबंधच का? आणि माझा गट अर्जात 'पदवीपूर्व' म्हणून दिलाय, तोही मला नीट कळला नाही. जाणकारांनी सांगावं.

गंगापूर रोड

तुझा विषय वाचून फार बरं वाटलं. मी बरीच वर्षं पदवीच्या वर्गांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी 'वाचणे'. मानव्यविद्यांत शोधनिबंध खरोखर समोर कागद धरून वाचण्याची रीत आहे आणि तिला कारण आहे. प्रयोगशाळेतल्या माणसाकडे आकृती असते, तक्ता असतो, तो पडद्याकडे बोट दाखवून बोलू शकतो. आपल्याकडे युक्तिवाद वाक्यात असतो. 'बहुधा' शब्द गळला तर दावाच बदलतो. म्हणून लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं ऐकवायचं. पोथी वाचणारा नुसती अक्षरं म्हणत नाही, थांबतो, अर्थ सांगतो, पुन्हा ओळीवर येतो. त्या अर्थाने वाचन हा शब्द मुळीच हलका नाही. अडचण एवढीच की मुलं तो शब्द ऐकून मान खाली घालतात आणि पंधरा मिनिटांनी वर काढतात.

'सादर करणे' आपण नृत्याला म्हणतो, नाटुकल्याला म्हणतो, आणि हिशेब, अहवाल, अर्ज यांनाही म्हणतो. दोन्हीकडे काम आधीच पुरं झालेलं असतं. प्रेक्षकांनी पाहायचं किंवा साहेबांनी सही करायची. समोरच्याने मध्ये हात घालावा अशी त्या शब्दात सोय नाही.

'मांडणे' वेगळं आहे. डाव मांडतात, कैफियत मांडतात, मुद्दा मांडतात. आणि गणित मांडतात, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. गणित मांडलं म्हणजे उत्तर आलं असं नाही. कुठल्या पायरीला चुकलं ते शेजारचा मुलगाही दाखवू शकतो, कारण पायऱ्या उघड्या आहेत. विशीतल्या मुलाने परिषदेत जाऊन करायचं ते नेमकं हेच. हे शब्द मी ऐकले, अमुक जागी ऐकले, त्यांची अशी जुळणी केली, आता बघा. म्हणून मी वर्गात 'मांड' म्हणते. तुझ्या मॅडमही त्याच कारणाने म्हणत असतील.

बेळगाव

'पदवीपूर्व' बद्दल इकडचा अनुभव सांगतो. कर्नाटकात पदवीपूर्व म्हणजे अकरावी-बारावी, पीयूसी. माझ्या भाचीने महाराष्ट्रातल्या एका चर्चासत्राचं पत्रक पाहिलं, पदवीपूर्व विद्यार्थ्यांचं स्वागत आहे असं वाचलं आणि बारावीत असताना नाव नोंदवलं. आयोजकांना बीएची मुलं हवी होती. शब्दशः बघितलं तर पदवी मिळायच्या आधीचे सगळेच पदवीपूर्व, अगदी बालवाडीसुद्धा. त्यापेक्षा सरळ 'पदवीचे विद्यार्थी' म्हणावं. पदवीधर म्हणजे पदवी झालेले, पदव्युत्तर म्हणजे त्यापुढे शिकणारे, आणि पदवीचे म्हणजे आता पदवी करत असलेले. कुणाचा घोटाळा होत नाही.

सिडको

'निबंध' शब्दावर मला लिहायचंय, कारण माझी सगळी नोकरी त्या शब्दाखाली गेली. दुय्यम निबंधक कार्यालयात होतो. खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं. लोकांना प्रश्न पडायचा की हे निबंधक म्हणजे निबंध तपासणारे मास्तर का? तर नाही. निबंध म्हणजे नोंद, कायम बांधून ठेवलेली गोष्ट. 'बन्ध्' धातू, त्याला 'नि' लागला. प्रबंधही त्याच घरातला आणि निर्बंधही.

आता ऐक बेटा, तू नाशिकची आहेस म्हणून सांगतो. पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचं लेणं आहे, नहपान विहार म्हणतात. नहपान हा क्षत्रप म्हणजे त्या काळचा राजा, त्याचा जावई उषवदात, आणि या उषवदाताचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख तिथे आहे, त्या काळच्या कालगणनेप्रमाणे वर्ष ४२ चा. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्यात लिहिलंय की भिक्षूंच्या चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, आणि इतर खर्चासाठी त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेव म्हणून दिले. ते गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, व्याजाने ठेवले, एकीकडे २,००० आणि दुसरीकडे १,०००. मुद्दल मोडायचं नाही, व्याज वापरायचं. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर धरणाच्या वाटेवरचं गाव, मुक्त विद्यापीठ आहे तेच.

आणि पुढे ओळ आहे: हे सगळं 'स्रावित निगमसभाय निबध च फलकवारे'. म्हणजे निगमसभेत, नगराच्या सभेत, ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवलं.

शब्द बघ. स्रावित म्हणजे श्रावित, ऐकवलेलं. सभा. निबध. फलक. आधी जाणत्या लोकांच्या सभेत मोठ्याने वाचायचं, मग पक्कं करून ठेवायचं. तुझ्या परिषदेत याहून वेगळं काय होणार आहे? निवृत्तीनंतर नातवाला घेऊन पायऱ्या चढून गेलो होतो, आणि त्या भिंतीपुढे उभा राहिलो तेव्हा आमच्या कचेरीच्या पाटीवरचा शब्द इतका जुना आहे हे पाहून डोळे भरून आले. तेव्हा 'शोधनिबंध' लिहायला लाजू नकोस. शाळेतला निबंध हा त्या शब्दाचा अलीकडचा अर्थ.

गंगापूर रोड

सिडकोचे काका, हे फार मोलाचं सांगितलंत. त्यात एक भर घालते. धर्मशास्त्रात 'निबंध' हा ग्रंथांचा एक प्रकारच होता. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला, त्याचं लेखन त्याच प्रकारातलं. एखाद्या विषयावर आधीच्या ग्रंथांनी काय काय म्हटलंय ते गोळा करायचं, वचनं एकमेकांविरुद्ध गेली तर तोलायची आणि निर्णय द्यायचा. आज आम्ही मुलांना 'पूर्वसंशोधनाचा आढावा' म्हणून शिकवतो त्याचीच ही जुनी, कडक शिस्त. ललित किंवा शालेय निबंध हा नंतरचा प्रवाह.

नाशिकरोड

मी हिंदी विषय घेऊन एमए करतोय. 'संशोधन' हा शब्द जपून वापरा, विशेषतः परिषद द्विभाषिक असेल तर. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. संविधान संशोधन म्हणजे घटनादुरुस्ती. आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला ते शोध किंवा अनुसंधान म्हणतात. मी बीएला असताना एका चर्चासत्रात माझ्या शीर्षकात 'लोकगीतांचे संशोधन' होतं. सत्राध्यक्ष हिंदी भाषक होते. त्यांनी पहिलाच प्रश्न केला की लोकगीतं दुरुस्त करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी पार गोंधळून गेलो. प्रश्न समजायलाच मिनिट गेलं आणि माझी वेळ संपली. अजून सलतं ते.

मूळ 'शुध्' धातू, शुद्ध करणे. दोन्ही भाषांनी एकाच शब्दाची दोन टोकं धरली. 'आविष्कार' चंही तसंच. आपल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा असते ना, आविष्कार. हिंदीवाल्याला तो नव्या यंत्राचा शोध वाटतो. मराठीत आविष्कार म्हणजे प्रकट होणं, कलाविष्कार म्हणतो तसं. त्या स्पर्धेत मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला असा स्वतंत्र गट आहे, आणि त्या गटाला मराठी अर्थच जास्त लागू पडतो असं माझं मत.

जुने नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, मी नाशिकची असून ती ओळ मला माहीत नव्हती. रविवारी जाऊन बघणार आहे.

दोन शंका आणखी. आयोजकांनी अडीचशे शब्दांत 'सारांश' मागितलाय. पण शोधनिबंध अजून पुरता लिहून झालेला नाही. जे झालंच नाही त्याचा सारांश कसा लिहायचा? आणि दुसरं, 'मांडणे' आमच्या घरी रागाने जास्त वापरतात. "हे काय मांडलंय?" किंवा "बाजार मांडलाय नुसता." सभेत तो शब्द बरा दिसेल का?

सिडको

सारांशऐवजी 'गोषवारा' लिही. तो आमच्या दप्तरातला रोजचा शब्द. महिनाअखेरीस सगळ्या नोंदींचा गोषवारा काढायचो. फारसीतून आला, गोशवारा. गोश म्हणजे कान, आणि गोशवारा म्हणजे मुळात कानातलं भूषण. हिशेबाच्या कागदाला ते नाव कसं लागलं ते विद्वानांनी सांगावं.

गंगापूर रोड

गोषवाऱ्याला माझंही मत. सारांशलेखन परीक्षेत असतं, दुसऱ्याचा उतारा एक तृतीयांश करायचा. त्यात स्वतःचं काही घालायचं नसतं. तुला मात्र स्वतःचंच सांगायचंय: प्रश्न कोणता, कुठे आणि कुणाशी बोललीस, काय हाती आलं, काय अजून बघायचंय. लिहून झालं नसेल तर 'दिसून येते' असं लिहू नकोस, 'तपासले आहे' लिही. परिषदेच्या आधी लिहिलेला गोषवारा हा शब्द देणं असतं, आणि दिलेला शब्द पाळता येईल एवढाच द्यावा.

हे सगळं आताच का शिकायचं, असं काही मुलं विचारतात. चार वर्षांच्या नव्या पदवीत चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि त्या वर्षी प्रकल्प लिहावा लागतो. पण गुणांचं सोडून दे. जुन्या कारागिराच्या तोंडचा शब्द पीएचडीची वाट बघत थांबत नाही.

'मांडणे' रागातही वापरतात हे खरं. "खेळ मांडला" वगैरे. पण तिथे राग मांडलेल्या वस्तूवर असतो, मांडण्यावर नाही. 'मी माझे निरीक्षण मांडते' म्हण, कुणाच्या कानाला खटकणार नाही.

जुने नाशिक

काल संध्याकाळी तांबट काकांकडे गेले होते. त्यांनी विचारलं, "आमचे शब्द घेऊन तिकडे काय करणार तू?" म्हटलं, "काका, मांडणार आहे." ते हातातलं काम न थांबवता मान वर करून भिंतीकडे बघायला लागले. तिथे लोखंडी मांडणी आहे, तिच्यावर मठारलेले हंडे, तांबे, परात ओळीने ठेवलेले. म्हणाले, "मांडणीवर ठेवायचं तर आधी उजेडाकडची बाजू कोणती ते ठरव. आणि पोचा आलेलं भांडं मागं लपवू नको, गिऱ्हाईक उचलून बघतंच."

मग मी वहीतले चार शब्द त्यांना पुन्हा वाचून दाखवले. दोन मी चुकीचे ऐकले होते. रात्री गोषवारा दुरुस्त करून पाठवला. अर्जात 'शोधनिबंध वाचक' छापलेलंच होतं, ते तसंच राहू दिलं. आजीला मात्र सांगितलं की तांबटांचे शब्द सभेत मांडायला चाललेय. तिने विचारलं, "कल्हईवाला दारावर यायचा तेव्हा काय ओरडायचा, ते घेतलंस का?"

ते घ्यायचं राहिलंय. कुणाच्या घरी कुणाला आठवत असेल तर जसं ऐकलं तसं इथे लिहा, गावाच्या नावासकट.