छाटणीचा हंगाम अपघातात बुडाला; उत्पन्नाचा कागद नसताना भरपाई कशी मागावी?

मळेकरी, तासगाव तालुका

माझा धाकटा भाऊ, वय 34, द्राक्षबागेच्या छाटणीच्या टोळीत काम करतो. ऑगस्टअखेर सांगलीहून परतताना एका टेम्पोने त्याच्या मोटारसायकलीला मागून धडक दिली आणि उजव्या मनगटाची दोन्ही हाडे मोडली. प्लेट बसवली, हाड जुळले. परंतु कात्री पुरती मिटत नाही, आणि जाड काडी समोर आली की त्याला डाव्या हाताचा आधार घ्यावा लागतो. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतची फळछाटणी पूर्ण बुडाली. मजुरी रोख मिळते आणि हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. त्या वहीप्रमाणे गेल्या वर्षी त्याला 1,80,000 रुपये मिळाले, त्यापैकी 90,000 केवळ फळछाटणीचे होते. विमा कंपनीचा माणूस म्हणतो की पगारपत्रक नसल्याने दवाखान्याच्या बिलांपलीकडे काही मिळणार नाही. हे खरे आहे का?

शेजारगाव

आमच्याकडे एकाने ओळखीच्या दुकानातून पगाराचा दाखला करून घेतला होता. तसे काही जमते का, ते पाहावे.

कोर्टाची पायरी, सांगली

वरील सल्ला कृपया मानू नये. त्या दुकानदाराला साक्षीला बोलावले जाते, उलटतपासणीत हजेरीपट आणि बँकेतील नोंदी मागितल्या जातात, आणि दाखला खोटा ठरला की खरी वहीसुद्धा संशयाच्या भोवऱ्यात सापडते. अपघातानंतर घाईने भरलेल्या आयकर विवरणपत्राकडेही न्यायाधिकरण, म्हणजे अपघात भरपाईचे दावे ऐकणारे न्यायालय, याच नजरेने पाहते.

विमा कंपनीच्या माणसाचे म्हणणे खरे नाही. सय्यद सादिक यांच्या 2014 च्या निकालात भाजीविक्रेत्याकडे उत्पन्नाचा कागद नव्हता, तरीही सर्वोच्च न्यायालयाने महिना 6,500 रुपये उत्पन्न धरले. आपल्याकडे तर वही आहे. मुकादमाने ती स्वतः हजर राहून शाबीत करावी, ज्यांच्या बागा छाटल्या त्या दोन-तीन बागायतदारांनी प्रतिज्ञापत्र देऊन साक्षीस यावे, आणि बागा त्यांच्याच आहेत हे दाखवण्यासाठी सातबारा जोडावा. हंगाम संपल्यावर भावाने बँकेत किंवा सोसायटीत रक्कम भरली असेल, तर त्या तारखा वहीशी जुळवून पाहाव्यात. माझ्या अनुभवात या जुळणीइतका परिणाम दुसऱ्या कशाचा होत नाही.

आता हिशेबाबद्दल. बुडालेली मजुरी आणि कमी झालेली कमाईची क्षमता या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिलीत वर्षाची सरासरी लावू नये. महिना 15,000 धरले तर अडीच महिन्यांचे 37,500 होतात, प्रत्यक्षात बुडाले 90,000. म्हणून हंगामाचा आकडा हंगाम म्हणूनच मांडावा. पुढची कामेही बुडाली असतील, तर ती त्यात मिळवावीत.

दुसऱ्या मागणीत डॉक्टरांनी हाताला दिलेली टक्केवारी जशीच्या तशी उचलली जात नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अवयवाचे अपंगत्व किती यापेक्षा त्या माणसाच्या त्या कामावर त्याचा परिणाम किती, हे पाहायचे असते. कारकुनाचे मनगट आणि छाटणी करणाऱ्याचे मनगट यांत हाच फरक आहे. समजा, न्यायाधिकरणाने कमाईची क्षमता 30 टक्के घटल्याचे मानले, तर 15,000 मध्ये भविष्यातील वाढीचे 40 टक्के मिळवून 21,000 होतात, वर्षाचे 2,52,000. वय 31 ते 35 असल्याने गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा, 16, आणि त्याचे 30 टक्के म्हणजे 12,09,600 रुपये. वेदना, औषधोपचार, प्रवास हे याशिवाय, आणि व्याजाचीही मागणी करावी.

कायद्यातील मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, म्हणजे आपली फेब्रुवारीअखेर संपते. सांगलीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली अर्ज करता येतो.

मिरजवाला

मी स्वतः यातून गेलो आहे. अपंगत्वाचा दाखला मिळाला एवढ्याने भागत नाही, डॉक्टरांना साक्षीला यावे लागते. माझ्या दाखल्यावर केवळ ‘हालचाल मर्यादित’ असे लिहिलेले होते आणि त्यावरच दीड वर्ष खल झाला. भावाने तपासणीला जाताना कात्री बरोबर न्यावी, डॉक्टरांसमोर काडी कापून दाखवावी आणि ‘छाटणीची कात्री पूर्ण मिटत नाही’ असे शब्द दाखल्यात घेण्याची विनंती करावी. दरम्यान, ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या कोणत्याही पावतीवर सही करू नये, रक्कम कितीही तातडीची वाटली तरी.

मळेकरी, तासगाव तालुका

सर्वांचा आभारी आहे. मुकादमाकडून गेल्या तीन वर्षांच्या वह्या मिळाल्या आणि तो साक्षीलाही तयार आहे. एका वहीच्या पहिल्या दोन पानांवर मोरचुदाचे निळे डाग पडले आहेत, तरी एकर, तारीख आणि रक्कम वाचता येते. सोमवारी वकिलांकडे मूळ वह्याच घेऊन जातो.