साथीशी 'युद्ध' म्हणजे नक्की कोणाशी युद्ध?

पिंपळपान: साथ आली की पुढारी लगेच युद्धाची भाषा सुरू करतात. कोरोनात, १६ मार्च २०२० ला, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन टीव्हीवर आपण युद्धात आहोत हे परत परत बोलले, मोदींनी त्याच महिन्यात सांगितलं की महाभारताचं युद्ध १८ दिवसांत जिंकलं, हे २१ दिवसांत जिंकायचंय. मला ही भाषा घातक वाटते. विषाणू माणसाच्याच अंगात असतो ना, मग शत्रू शोधायला निघालेल्या लोकांची नजर जाते पेशंटवर, त्याच्या घरच्यांवर. आणि नर्सला एकदा योद्धा म्हटलं की तिचा मृत्यू वीरमरण होतो, तिला धड मास्क का मिळाला नाही हे विचारायचं राहूनच जातं.

उंबरठा: नाही पटलं. कोट्यवधी लोकांना एका रात्रीत घरात बसा, कामधंदा बंद ठेवा असं सांगायचं तर लहान पोरालाही कळेल असाच शब्द लागतो. संसर्गदर वगैरे बोलून कोण हललं असतं?

पिंपळपान: जर्मनीत हलले की! एप्रिल २०२० मध्ये तेव्हाच्या चॅन्सलर (सरकारप्रमुख) मर्केलबाईंनी शांतपणे हिशोब मांडला, एका रुग्णाकडून सरासरी १.१ जणांना लागण झाली तर ऑक्टोबरपर्यंत दवाखान्यांची क्षमता संपेल, १.२ झाली तर जुलैत, १.३ झाली तर जूनमध्येच. त्याच महिन्यात त्यांचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर स्पष्ट बोलले की ही साथ म्हणजे युद्ध नाही, आपल्या माणुसकीची परीक्षा आहे.

सायंतारा: मध्येच बोलते. मला आगीची उपमा जास्त बरोबर वाटते, ठिणगी, वारा, मध्ये मोकळी जागा सोडली की आग पुढे सरकत नाही, म्हणजे अंतर का ठेवायचं ते आपोआप कळतं आणि कोणी शत्रूही ठरत नाही.

उंबरठा: आगीचं थोडं पटलं, पण आग विझते, एचआयव्ही आयुष्यभर सोबत राहतो, तिथे काय करणार? आणि एक सांगतो, माझी आई कॅन्सरमध्ये शेवटपर्यंत 'मी लढतेय' म्हणायची. तो शब्द तिला उभं करायचा, तो काढून घेऊ नका.

पिंपळपान: दादा, आईंचा शब्द कोणीच काढून घेऊ शकत नाही, तो त्यांनी स्वतः निवडला होता. माझं भांडण वरून लादलेल्या शब्दाशी आहे. माझे काका गेले तेव्हा भेटायला येणारे 'लढाई हरले' म्हणायचे आणि काकू दर वेळी सांगायची, अहो हरले नाहीत, ऑक्सिजन वेळेवर मिळाला नाही.