अनुभव धागा: पाल्मे गेले ती सकाळ, तुम्हाला आठवते?

स्वाती_स्टॉकहोम
काल ऑफिसातून घरी येताना स्वेआवेगेन रस्त्यावर पाय थबकले. पाल्मे जिथे पडले तिथे फुटपाथमध्ये बसवलेल्या पाटीवर कुणीतरी लाल गुलाब ठेवला होता. २८ फेब्रुवारी १९८६. तेव्हा माझी दहावी तोंडावर होती. शनिवारी सकाळी बाबा रेडिओ लावून दाढी करत होते. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची हत्या, असं ऐकलं आणि त्यांचा ब्रश गालावरच थांबला. "जानेवारीत तर दिल्लीत होते!" इंदिराबाईंना जाऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. पण पंतप्रधान बायकोबरोबर सिनेमा बघून रात्री पायी घरी निघतो, सोबत एकही रक्षक नाही, हे बाबांना पटेचना. आज मी त्याच रस्त्यावरून रोज एकटी चालते. तुमच्याही आठवणी लिहा.

मुनिरकाकर
दिल्लीत आमचा पत्ताच ओलोफ पाल्मे मार्ग! रिक्षावाले "पामे मार्ग" म्हणायचे. मला कित्येक वर्षं तो कुणी इंग्रज गव्हर्नर वाटायचा. नेहरू पुरस्कार मिळालेला माणूस, हे फार उशिरा कळलं.

देवळालीची_लेक
आमच्याकडे पाल्मे म्हटलं की बोफोर्स, स्वीडनकडून घेतलेल्या त्या तोफा. बाबा तोफखान्यात. करार २४ मार्च १९८६ चा, पाल्मे गेल्यावर महिनाही झाला नव्हता. ४१० तोफा, १५५ मिमी. पुढची लाचेची सगळी बोंबाबोंब माहीतच आहे. पण कारगिलला त्याच तोफा धावून आल्या, हे सांगताना बाबांचा आवाज अजून भरून येतो. कुकर झाला, नंतर येते.

नचिकेत७१
आमच्या सरांनी वर्गात व्हिएतनामचं सांगितलं होतं. १९७२ च्या नाताळात हनोईवर अमेरिकेचे बॉम्ब पडले तेव्हा पाल्मेंनी त्याची तुलना थेट नाझींच्या अत्याचारांशी केली. अमेरिकेनं राजदूतच पाठवायचा थांबवला! एवढ्याशा देशाचा माणूस, पण काय छाती. आणि शिकला होता अमेरिकेतच, ओहायोला.

गोटेबोर्गची_मीनल
मला ते रजेसाठी आठवतात. त्यांच्याच काळात, १९७४ पासून, इथे बाळाची रजा बाबालाही मिळते. माझ्या नवऱ्यानं सहा महिने लेक सांभाळली. सासूबाई फोनवर रडल्या होत्या, आता सगळ्यांना कौतुकानं सांगतात.

देवळालीची_लेक
@मीनल किती छान! आमच्या ह्यांना १५ दिवस मिळाले, त्यातले ४ प्रवासात गेले.

गोटेबोर्गची_मीनल
अगं :( लेक केवढी आता?

देवळालीची_लेक
नववीत. उंची माझ्यापेक्षा जास्त.

अनिरुद्ध_के
पण मारलं कुणी? पेटरसन नावाच्या माणसाला १९८९ मध्ये जन्मठेप झाली, त्याच वर्षी अपिलात सुटला. पाल्मेंच्या पत्नी लिस्बेतबाईंनी त्याला ओळखलं होतं. मग २०२० मध्ये सरकारी वकिलांनी संशयित म्हणून स्टीग एंगस्ट्रम या दुसऱ्याच माणसाचं नाव घेऊन तपास बंद केला. तो २००० मध्येच वारलेला. खटलाच नाही, तर निकाल कसला? आणि ते .३५७ मॅग्नम पिस्तूल सापडलंच नाही.

स्वाती_स्टॉकहोम
@अनिरुद्ध इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं की आधी गप्प होतात. माझी शेजारीण तेव्हा नर्स होती. ती तपासाबद्दल बोलतच नाही. लिस्बेत तिथेच होत्या, एक गोळी त्यांनाही चाटून गेली, एवढंच म्हणते.

मुनिरकाकर
स्वातीताई, मारेकरी ज्या पायऱ्यांवरून पळाला त्या अजून आहेत का? जूनमध्ये येतोय.

स्वाती_स्टॉकहोम
आहेत, ८९ पायऱ्या. गुडघे सांभाळून चढा :) पलीकडेच आडोल्फ फ्रेड्रिक चर्चच्या आवारात पाल्मेंचं थडगं आहे, तिथेही जाऊन या. आणि येताना चितळ्यांची बाकरवडी आणा.