प्रथिनांचा आकडा वाचताना
कुत्र्यांच्या कोरड्या खाद्यात २६ टक्के प्रथिने आणि डब्यातल्या ओल्या खाद्यात अवघी ९, म्हणून कोरडेच सरस, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. ओल्या खाद्यात ७८ टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २२ भागांत ९ भाग प्रथिने, म्हणजे सुमारे ४१ टक्के होतात. १० टक्के ओलावा असलेल्या कोरड्या खाद्यात हेच प्रमाण २९ च्या आसपास येते. घटकांची यादीही प्रक्रियेपूर्वीच्या वजनानुसार लावलेली असते, त्यामुळे पहिले नाव ताज्या चिकनचे असले तरी त्यातला मोठा भाग पाण्याचाच असतो. मुळात ते खाद्य कुत्र्याच्या वयाला परिपूर्ण व संतुलित आहे का, म्हणजे त्या वयाला लागणारी सगळी पोषकद्रव्ये त्यात योग्य प्रमाणात आहेत का, हे आधी पाहावे. उदाहरणार्थ, मोठ्या जातीच्या पिल्लाच्या हाडांची वाढ जादा कॅल्शियमने बिघडू शकते.